मायक्रोफोनचे टोपडे

२०२४ सालच्या श्रावणातील एका रविवारी दुपारी टिळकवाडीतील आमच्या अक्काच्या घरी सारे कुटुंब जेवणे आटोपून दूरदर्शन संचासमोर बसले होते. निमित्त होते भाच्याच्या चित्रफितीचे. (‘चित्रफीत’ हा शब्द आता आपण केवळ सवयीने वापरतो, त्यात फीत कोठेच उरलेली नाही. पण अधिक चांगला शब्द सापडेपर्यंत तोच चालवून घेणे बरे.) भाच्याचा उद्यमबागेत लेथकामाचा लहानसा कारखाना आहे. तो सांभाळून त्याने एक छंद जडवून घेतला आहे. वर्षातून दोन-तीनदा आपली नेहमीचीच छोटी मोटार घेऊन साडेआठशे किलोमीटरवरच्या चेन्नईकडे जायचे आणि तेथे इरुंगट्टुकोट्टै येथील शर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, ती वेगाने चालवायला शिकायचे. पूर्वी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. इरुंगट्टुकोट्टैचा हा सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा मार्ग १९९० साली सुरू झाला. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची हौस भागविणाऱ्या तरुणांपेक्षा असा बंदिस्त मार्ग शतपटीने शहाणपणाचा, असे माझे मत आहे आणि ते मी अक्काला अनेकदा ऐकविलेही आहे. तिला ते पटलेले नाही.

चित्र सुरू झाले. सुरू झाले म्हणजे थरथरू लागले. रस्ता, मोटारीचे चाक, भाच्याचे हातमोजे, सारे जणू पाण्याखालून पाहावे तसे हेलकावत होते. आणि आवाज! पहिल्या सरळ टप्प्यावर मोटारीने वेग घेतला मात्र, खोलीभर नुसते ‘घोंऽऽ’ भरून राहिले. अक्काने कानांवर हात ठेवले. ‘‘काय रे हे? पिठाच्या गिरणीत बसून काढलंस काय?’’ मुले हसली. तेवढ्यात पडद्यावर एका वळणात क्षितिज एकाएकी आडवे सरकले, मोटार स्वतःभोवती गर्रकन फिरली, धुरळा उठला आणि ती मार्गाबाहेर मातीत उलट्या तोंडाने उभी राहिली. घोंगावणे थांबले. त्या शांततेत प्रथम ऐकू आला तो भाच्याचा धापा टाकणारा श्वास.

ही घटना त्याने घरी सांगितलेली नव्हती. तो भाग कापून टाकायला तो विसरला होता. अक्का काही बोलली नाही; उठून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी चहाच्या वेळी तिने आपला निर्णय सांगितला. ‘‘गाडी का फिरली ते मला सांग. सांगता येईना तोवर चेन्नईचं नाव काढायचं नाही.’’

गंमत अशी की (गंमत म्हणणे बरे नव्हे, पण शब्द सुचत नाही) हाच प्रश्न त्याच्या शिक्षकानेही विचारला होता. त्या वळणात तू पाय वेगवर्धकावरून एकदम काढलास, की ब्रेक दाबलास, की चाक जास्त वळवलेस? भाच्याला आठवत नव्हते. एका सेकंदात घडलेल्या गोष्टी माणसाला आठवत नाहीत. आठवतो तो त्यानंतरचा धुरळा. कॅमेरा लावला होता तो याचसाठी. परंतु इंजिनाचा आवाज वाऱ्यात बुडालेला आणि हाताची हालचाल थरथरीत विरघळलेली, तेव्हा तो साक्षीदार असून नसल्यासारखाच.

आता अशा बाबतीत मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाचा काय उपयोग, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु भाच्याबरोबर ती फीत पुनःपुन्हा ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. तो सगळ्या उपद्रवाला मिळून ‘नॉईज’ असा एकच शब्द वापरत होता. एकच नाव दिले की एकच औषध शोधण्याकडे मन धावते. आपल्या भाषेत मात्र आवाजांना वेगवेगळी नावे आहेत आणि ती कानांनी ठेवलेली आहेत. मी त्याला डोळे मिटायला सांगितले. ‘‘हे घोंघों आहे, ते वेगळं. यात मध्ये मध्ये फडफड आहे, ती ऐक. सरळ टप्प्याच्या शेवटी करकर होते, कागद फाडल्यासारखी. आणि ही खडखड तर तुझ्या गाडीतच कुठं तरी आहे. या सगळ्यांच्या खाली कुठं तरी इंजिनाची गुणगुण आहे, ती आपल्याला हवी.’’ भाचा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. ‘‘मामा, म्हणजे ही चार दुखणी आहेत की!’’ तेथून आमच्या कामाला आरंभ झाला.

फडफडीचे कारण मला शाळेमुळे ठाऊक होते. आमच्याकडे पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी पावसाळी वारा मैदानात मोकाट सुटलेला असतो. पाहुणे बोलू लागले की ध्वनिवर्धकातून भाषणापेक्षा वाराच अधिक बोलतो. आमचा शिपाई पुढे होतो आणि खिशातला हातरुमाल माइकच्या तोंडावर बांधतो. लगेच पाहुण्यांचे शब्द ऐकू येतात. रुमालाने शब्द अडत नाहीत आणि वारा कसा अडतो, असा प्रश्न एका मुलाने विचारला होता. त्याचे उत्तर आमच्या विज्ञानशिक्षकांनी त्या वेळी दिले होते. भाच्याची अडचण सांगताच त्यांनी तेच आता आकड्यांसह फळ्यावर मांडून दाखविले.

मायक्रोफोन म्हणजे एक अतिशय नाजूक पडदा. हवेच्या दाबात होणारे सूक्ष्म चढउतार त्याला हलवितात. एक मीटरवर बसलेला माणूस नेहमीच्या स्वरात बोलतो तेव्हा हा चढउतार पास्कल या मापात ०.०२ इतका असतो. आता ताशी १२० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब काढा. तो सुमारे साडेसहाशे पास्कल भरतो, म्हणजे बोलण्याच्या तीस हजार पटींहूनही अधिक. हा सगळाच दाब आवाज होत नाही. सरळ, एकसारखा वाहणारा वारा पडद्याला नुसता रेटून धरील. परंतु वारा काचेच्या कडेला, आरशाला, खुद्द माइकच्या धारेला आपटून फुटतो. त्याचे लहानमोठे भोवरे होतात. प्रत्येक भोवरा पडद्याला एक थप्पड देऊन पुढे जातो. साडेसहाशेचा हजारावा हिस्सा जरी अशा थपडांत गेला तरी तो बोलण्याच्या तीसपट जोराचा होईल. शिवाय हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट तर दाब चौपट. गावात चांगला वाटणारा माइक शर्यतीच्या मार्गावर का हात टेकतो, हे तेव्हा कळले.

यावर पहिला विचार सुचतो तो खिडक्या बंद करण्याचा. तो येथे चालत नाही. अशा मार्गांवर अनेक ठिकाणी खिडक्या पूर्ण उघड्या ठेवण्याचा दंडक असतो. अपघात झाल्यास आत हात घालून माणसाला बाहेर काढता यावे आणि चालकाला हाताने खूण करता यावी, हा त्यातला हेतू. तो मोडावा असे सुचविणाऱ्या माणसाचे ऐकू नये.

परंतु त्या खिडक्यांतच ‘घोंघों’चे मूळ निघाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली तर ती घुमते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने या घुमण्याचा अभ्यास केला, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. मोटार ही तशीच एक बाटली. उघडी खिडकी हे तिचे तोंड. फरक इतकाच की पोकळी फार मोठी असल्याने तिचा स्वर अतिशय खालचा लागतो, सेकंदाला पंधरा-वीस कंपनांच्या आसपासचा. माणसाच्या कानाची खालची मर्यादाच मुळी वीसची. म्हणून हा स्वर ऐकू येण्यापेक्षा कानाच्या पडद्यावर धपधप आपटल्यासारखा जाणवतो. एकच मागची खिडकी उघडून प्रवास केलेल्या कोणालाही हा अनुभव असेल. बाटलीला दुसरे भोक पाडले की ती घुमेनाशी होते! भाच्याच्या मोटारीत पुढच्या दोन्ही काचा खाली आणि मागच्या दोन्ही गच्च बंद असत. आम्ही हमरस्त्यावर, कायद्याच्या वेगात, मागची एक काच चार बोटे खाली करून पाहिली. धपधप पुष्कळच ओसरली. मी मागच्या बाकावर बसून बोटांनी खुणा करीत होतो आणि माझा टोपीसुद्धा सांभाळण्याचा पराक्रम चालला होता, हे अक्काला अद्याप सांगितलेले नाही.

उरली फडफड. कॅमेरा पुढच्या काचेला चिकटविलेला आणि माइक त्याच्या पोटातच, म्हणजे दोन्ही खिडक्यांतून येणारा वारा एकमेकांना भेटतो अगदी त्या जागी. तेथे कितीही उपाय केले तरी ते पुरात बांध घालण्यासारखेच. खरा उपाय म्हणजे माइकला तेथून उठविणे. भाच्याकडे खिशात मावणारे एक ध्वनिमुद्रक यंत्र होते आणि व्याख्याते कॉलरला लावतात तसला बोंडाएवढा माइक होता. आम्ही तो डाव्या आसनाच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर नेला. तेथे वाऱ्याची झुळूक नाममात्र पोहोचते, इंजिनाचा व धुराच्या नळीचा आवाज मात्र चांगला पोहोचतो. आवाज आणि चित्र आता निरनिराळ्या यंत्रांत, तेव्हा ती नंतर जुळवायची कशी? चित्रपटवाले पाटी आपटतात, तसे भाच्याने निघण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. टाळीचा आवाज आणि हात एकत्र येण्याचे चित्र एकावर एक बसविले की पुढचे सगळे आपोआप जुळते.

तरीही सरळ टप्प्यावरची वावटळ आसनामागे थोडीफार शिरणारच. तेव्हा शिपायाचा रुमाल आठवला. माइकवर आधी छिद्राछिद्रांच्या मऊ स्पंजाची टोपी आणि तिच्यावर लांब केसांच्या कापडाचे आवरण, अशी दुहेरी योजना ध्वनिमुद्रण करणारे लोक नेहमी करतात. केसाळ आवरणात वाऱ्याचा जोर केसाकेसांत विभागून मरतो, स्पंजाच्या छिद्रांत उरलासुरला अडकतो. ध्वनीची लहर मात्र इतकी लहान हालचाल असते की ती त्या छिद्रांतून निर्वेध आत जाते. विकतचे आवरण मिळते. परंतु माझे बोलणे दारातून ऐकत असलेली अक्का एकाएकी म्हणाली, ‘‘त्याचं लहानपणचं ते झिपरं कुत्रं माळ्यावर आहे बघ.’’

कापडाची पारख तिनेच केली. मी इतकेच सांगितले होते की तोंडाला लावून फुंकले असता हवा पलीकडे गेली पाहिजे. केस दाट पण मागचे कापड विरळ हवे, नाहीतर वाऱ्याबरोबर आवाजही गुदमरतो. तिने कुत्र्याच्या पाठीचा तुकडा फुंकून पाहिला, नापसंत केला. पोटाचा फुंकून पाहिला, तो घेतला. तासाभरात तिने त्याचे इवलेसे टोपडे शिवले, हनुवटीखाली बांधायला दोन बंदांसकट. माइकला हनुवटी नसते, पण ते बंद तारेला बांधायला उपयोगी पडले.

करकरीचा प्रकार निराळा. आवाज यंत्राच्या ताकदीबाहेर मोठा झाला की त्याच्या लहरींचे शेंडे सपाट कापले जातात, तीच ती करकर. ती पुढे कोणत्याही उपायाने जात नाही. उतू गेलेले दूध पातेल्यात परत भरता येत नाही, तसेच हे. म्हणून मुद्रणाची पातळी आधीच खाली ठेवायची, इतकी की सर्वांत मोठ्या क्षणीही मापकाचा काटा शेवटच्या रेघेच्या दहा-बारा डेसिबल अलीकडे राहावा. येथे आणखी एक खाच आहे. बहुतेक यंत्रांत आवाज लहान झाला की तो वाढवायचा आणि मोठा झाला की दाबायचा, अशी स्वयंचलित सोय असते. बारशाच्या चित्रणात ती सोयीची. आम्हाला ती घातक. कारण इंजिनाचा स्वर कोठे चढला आणि कोठे पडला हेच तर ऐकायचे, आणि ही यंत्रणा नेमके तेच पुसून टाकते. ती बंद केली.

राहिलेल्या खालच्या घरघरीसाठी संगणकावर गाळणी लावायची. गाळणी कोठे लावायची हा प्रश्न मात्र अंदाजाने सोडवायचा नाही. चार सिलिंडरच्या, चार घातांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. तेव्हा स्फोट १००. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना ते २००. शर्यतीच्या मार्गावर इंजिन तीन हजारांच्या खाली सहसा येत नाही. अर्थात ८० हर्ट्झच्या खालचे सगळे निर्धास्तपणे काढून टाकता येते. वाऱ्याच्या घरघरीचा मोठा भाग तेथेच खाली असतो आणि इंजिनाच्या मुख्य स्वराला धक्का लागत नाही. हे गणित माझ्या दहावीच्या मुलांनी दोन मिनिटांत सोडविले.

आता थरथर. या बाबतीत भाच्याला आपल्या कारखान्याचा अभिमान आड आला. त्याच्याकडे हवेच्या कॉम्प्रेसरखाली जाड रबरी बैठका आहेत. त्यामुळे शेजारच्या लेथपर्यंत हादरे जात नाहीत. त्याने तसल्याच रबराचे तुकडे कॅमेऱ्याखाली घातले. काडीचा फरक पडला नाही. मग त्याने मऊ स्पंज घातला. आता कॅमेरा नंदीबैलासारखा मान डोलवू लागला! कारण असे, की रबर हादरे अडविते ते फक्त ठराविक मर्यादेवरचे. वजन आणि रबर यांचा मिळून जो स्वतःचा स्वाभाविक झोका असतो, त्याच्या साधारण १.४ पटींहून वेगवान हादरेच ते थोपवते; झोक्याच्या जवळपासचे हादरे उलट वाढवून देते. कित्येक मणांच्या कॉम्प्रेसरला जे रबर मऊ, ते दीडशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याला दगडासारखे. आणि त्याला पुरेल इतके मऊ काही घेतले तर रस्त्यावरच्या उंचवट्यांचे संथ धक्केच त्याला झुलवू लागतात.

उपाय वर्गात सापडला. तास कंटाळवाणा झाला की मुले फूटपट्टीचे एक टोक बाकावर दाबून धरतात आणि दुसरे टोक छेडतात. मी या गुन्ह्याबद्दल गेली तीस वर्षे शिक्षा करीत आलो आहे. पट्टी जास्त बाहेर असली तर संथ, मोठे हेलकावे. आत ओढली तर बारीक, चढा स्वर आणि हालचाल जेमतेम दिसेल न दिसेल इतकी. बाहेरची लांबी निम्मी केली की पट्टी दुप्पट नव्हे, आठपट ताठ होते. भाच्याचा कॅमेरा एका चोषकाच्या टोकाशी वीतभर दांड्यावर लटकत होता. म्हणजे ती बाहेर काढलेली फूटपट्टीच होती. तेव्हा मऊपणाची वाट सोडून ताठपणाची धरावी असे ठरले.

दोन पुढच्या आसनांच्या डोक्यामागच्या उशा ज्या पोलादी सळ्यांवर बसतात, त्या सळ्यांना जोडणारा एक ॲल्युमिनियमचा आडवा दांडा भाच्याने लेथवर स्वतः केला. त्याच्या मध्यावर, दांड्याला अगदी लगटून, कॅमेरा. तेथून चालकाचे हात आणि समोरचा रस्ता दोन्ही दिसतात. पहिल्या फेरीत तरीही थरथर राहिली आणि आमची चौथी दुखणी, ती खडखड, तिचा पत्ता तेथेच लागला: उशांच्या सळ्या आपल्या भोकांत सैल होत्या. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या त्या फटींत ठासून बसविल्या. शिवाय दांड्याच्या मध्यापासून खाली आसनाच्या बोल्टापर्यंत एक तिरका पाय दिला. दोन आधारांवर डुलणारी वस्तू तिसऱ्या आधाराने गप्प बसते, हे चुलीच्या तीन दगडांपासून आपल्याला ठाऊक आहे. वेगळ्या जागी ठेवलेल्या माइकला मात्र उलट न्याय: तो कोणत्याही धातूला न टेकता स्पंजात गुंडाळून ठेवायचा, कारण त्याला पत्र्याचे हादरेसुद्धा ऐकू येतात.

पाण्याखालून पाहिल्यासारखे जे वाटत होते त्याचा खुलासाही येथे केला पाहिजे. हल्लीचे बहुतेक छोटे कॅमेरे सगळे चित्र एका क्षणी टिपत नाहीत; वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातात. तेवढ्या अवधीत कॅमेरा हलला तर वरची ओळ एकीकडे, खालची दुसरीकडे; सरळ खांब वाकडा होतो आणि सारे चित्र जेलीसारखे डुचमळते. भर उन्हात कॅमेरा उघडझाप अतिशय जलद करतो, त्यामुळे हा दोष अधिकच कोरून दिसतो. भिंगापुढे काळसर काच लावून उघडझाप सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत संथ केली तर चित्र डोळ्यांना सौम्य लागते. दोषाचे मूळ मात्र हादरा आहे, तो आधी गेला पाहिजे.

कॅमेऱ्यातच थरथर काढून टाकण्याची सोय असताना एवढा खटाटोप कशाला, असे काही जण म्हणतील. गोप्रो कंपनीने २०१८ साली आपल्या सातव्या हीरो कॅमेऱ्यात ही सोय फार चांगली करून दाखविली हे खरे. पण ती मोकळ्या जागेसाठी. मोटारीत बसविलेला कॅमेरा मोटारीबरोबर वळतो. आतल्या यंत्रणेला वाटते हात हलला, आणि ती चित्र उलट बाजूला सरकविते. मग रस्ता स्थिर आणि मोटारीचा अंतर्भाग मात्र हेलकावे खातो, असा चमत्कारिक देखावा दिसतो. आम्ही ती सोय बंद ठेवली. मोबाइल फोन वापरणाऱ्यांनी तर जपून असावे. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीनेच जाहीर सूचना काढली होती की मोटरसायकलच्या जोरदार इंजिनाचे हादरे फोनला दीर्घकाळ बसू दिल्यास त्यातील भिंग स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा बिघडू शकते.

या साऱ्या उद्योगात माझ्या वाचनात जुनी हकीकत आली ती अशी. धावत्या शर्यतीत मोटारीच्या आतून थेट चित्र दाखविण्याचे श्रेय ऑस्ट्रेलियाकडे जाते. १९७९ साली बाथर्स्टच्या मोठ्या शर्यतीत सेव्हन वाहिनीच्या तंत्रज्ञांनी पीटर विल्यमसन यांच्या टोयोटा सेलिका मोटारीत कॅमेरा बसविला आणि ते गाडी चालविता चालविता प्रेक्षकांशी बोललेही. त्याआधी, १९७६ साली, क्लोद लेलूश या फ्रेंच दिग्दर्शकाने पहाटेच्या पॅरिसमधून एक मोटार बेफाम हाकीत नऊ मिनिटांच्या आतला एक लघुपट केला, तो पुष्कळ गाजला. चित्र आश्चर्यकारक स्थिर, आणि आवाज फेरारीच्या गर्जनेचा. पुढे लेलूश यांनीच सांगितले की मोटार फेरारी नव्हतीच. ती मर्सिडीज होती, तेल व वायू यांच्या दाबावर तरंगणाऱ्या मऊ बैठकीची, आणि फेरारीचा आवाज मागाहून चढविलेला होता. कलेत हे क्षम्य असेल (भर वस्तीत तांबडे दिवे तोडीत जाणे मात्र कोणत्याही कलेत क्षम्य नाही). शिकणाऱ्याने असे करू नये. भाच्याच्या एका स्नेह्याने त्याला हाच सल्ला दिला होता: वाऱ्याचा आवाज पुसून टाक आणि दुसऱ्या कुठल्या गाडीचा झकास आवाज लाव. मग ती फीत पाहायला रंजक झाली असती, पण मोटार का फिरली ते तिने कधीच सांगितले नसते.

एक गोष्ट मी हट्टाने करवून घेतली. कॅमेऱ्याला बारीक पोलादी तारेचा फास, आणि तो इतका आखूड की सुटला तरी कॅमेरा चालकाच्या पायांपर्यंत पोहोचू नये. दीडशे ग्रॅमची वस्तू ब्रेकच्या खाली जाऊन अडकली तर काय होईल, ते लिहवत नाही. पहिल्या खेपेस त्या कॅमेऱ्याला काहीच बांधलेले नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये, अक्काच्या नाइलाजाच्या संमतीने, भाचा पुन्हा चेन्नईला गेला. तिची अट होती: त्या वळणात सावकाश जायचे आणि रात्री फोनवर नव्हे, घरी आल्यावर समोर बसून सगळे दाखवायचे. तो परतला तेव्हा आम्ही पुन्हा त्याच खोलीत बसलो. आधी पडद्यावर एक टाळी वाजली. मग इंजिन ऐकू आले. नुसते आले नाही, त्याचे चढणे-उतरणे, गिअर बदलताना घेतलेला श्वास, टायरची किंचित कुरकुर, सारे वेगळे वेगळे ऐकू आले. वारा होता, पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखा.

ते वळण आले. सावकाश फेरीतसुद्धा वळणाच्या ऐन मध्यावर इंजिनाचा स्वर एकदम खाली पडला आणि पुन्हा चढला. दुसऱ्या फेरीत तसेच. तिसऱ्या फेरीतही. शिक्षकाने तेथल्या तेथे ऐकून सांगितले होते: बाहेरची कड जवळ दिसली की तू घाबरून पाय उचलतोस. वळणाच्या मध्यावर पाय एकदम उचलला की मोटारीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि मागचा भाग बाहेर धावतो. सावकाश जाताना ते निभावते. श्रावणात वेग जास्त होता, निभावले नाही. उपाय असा की ब्रेक आधी, सरळ टप्प्यातच उरकायचा आणि वळणात पाय हलका पण स्थिर ठेवायचा. दुपारच्या फेऱ्यांत त्याने तोच सराव केला होता. त्या फेऱ्यांत त्या वळणातून एकच अखंड स्वर ऐकू येत होता, तंबोऱ्यासारखा. मध्ये एक-दोनदा शिरस्त्राणाच्या आतून भाच्याचे पुटपुटणेही उमटले होते. ‘‘उचलू नको, उचलू नको,’’ असे तो स्वतःलाच बजावीत होता.

अक्का शेवटपर्यंत बसून होती. संपल्यावर तिने पहिली फेरी पुन्हा लावायला सांगितली, मग दुपारची. ‘‘इथं पडला आवाज,’’ ती म्हणाली, ‘‘आणि इथं नाही पडला.’’ भाचा मान हलवून ‘‘होय आई’’ म्हणाला. मग तिचे लक्ष मेजावर ठेवलेल्या माइककडे गेले. मार्गावरच्या धुळीने ते टोपडे पार मातकट झाले होते. तिने त्याचे बंद सोडले, ते काढून घेतले आणि रिठ्याच्या पाण्यात भिजत घालायला ती आत गेली.